कपाटाच्या पाचरी कुणी काढल्या?

१

“कपाट उभं करायच्या आधी खाली एकदा नीट बघून घे गं, पोरी.”

चंदनबालाबाईंनी सुनेला हे सांगितलं तेव्हा रूपालीच्या एका हातात मोजायची टेप होती, दुसऱ्या हातात भाताची वाटी आणि तिचा दीड वर्षांचा मुलगा, अतिशय, तिची ओढणी धरून गोल गोल फिरत होता. अशा वेळी कोण ऐकतं? “आई, खाली गालिचा आहे. आणखी काय असणार?” एवढं म्हणून तिनं टेप भिंतीला लावली. सासूबाई दारात थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि आत गेल्या.

त्या गालिच्याची चर्चा सांगलीभर नसली तरी गल्लीभर होतीच. अतिशय चालायला शिकताना फरशीवर आपटला, कपाळावर टेंगूळ आलं आणि रूपालीनं जाहीर केलं की पोराच्या खोलीत फरशी दिसता कामा नये. मग भिंतीपासून भिंतीपर्यंत शेवाळी रंगाचा गालिचा आला. “वहिनी, सांगलीच्या उन्हाळ्यात गालिचा म्हणजे म्हशीला स्वेटर,” असं तिचा दीर अमृत म्हणाला. नवरा गोमटेश बेदाण्याचा व्यापारी. त्याचा निम्मा जन्म तासगावच्या सौद्यात आणि उरलेला मोबाइलवर. तो नुसता हसला.

आता त्याच खोलीत भिंत भरून कपाट बसवायचं होतं. कडेगावहून नाथाजी सुतार आला. दिवसभर खपून त्यानं सांगाडा उभा केला, दारं चढवली. पण भिंतीकडच्या कडेला गालिचा खिळ्यांच्या पट्टीवर ताणून बसवलेला, म्हणून तिथं कडक, आणि पुढं मऊ. कपाट आपलं पुढं कलायला बघायचं. नाथाजीनं पुढच्या कडेखाली दोन लाकडी पाचरी सारल्या आणि कपाट सरळ केलं. मागून भिंतीला आवळायचं तेवढं राहिलं, आणि नेमकी लाइट गेली. ड्रिल मुकं झालं.

“वैनी, उद्या दुपारी येतो,” नाथाजी पिशवी खांद्याला लावत म्हणाला. “भिंतीला आवळतो, खाली वाळवीचं औषिद मारतो, आन् खालची फट पट्टीनं बंद करून टाकतो. तवर दार वडून ठेवा. पाचरी हायत तवर कपाट हलत न्हाई, पर पोराला आत सोडू नगा.”

रूपालीनं दार ओढून घेतलं आणि अतिशयला डोस द्यायला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला राहवेना. नवं कपाट घरात आल्यावर दार उघडून एकदा बघावंसं कुणाला वाटत नाही? तिनं दार ढकललं आणि तिच्या पायांमधून अतिशय आत सटकला.

कपाट पुढं झुकलं होतं. मधलं दार आपोआप उघडून अधांतरी लोंबत होतं, आणि पोरगं दोन्ही हात पसरून त्याच दाराकडे पळत होतं.

ती कशी धावली, तिला कळलं नाही. पोराला उचलून छातीशी घट्ट धरलं. तो किंचाळला, कारण त्याला खेळायचं होतं. त्याला धरूनच ती वाकली आणि तिनं कपाटाखाली बघितलं.

पाचरी नव्हत्या. एकही नव्हती.

२

पाचर आपली आपण चालत जात नाही. ती कपाटाच्या पोटाखालून कुणीतरी ओढून काढावी लागते. म्हणजे घरातल्याच कुणाच्या तरी हातानं काल हे झालं होतं, आणि त्या खोलीत झोपणार कोण, तर अतिशय.

अमृत दात घासता घासता आला. त्यानं खांदा लावून कपाट मागं रेटलं, अंगणातून दोन विटा आणल्या आणि पाचरींच्या जागी सारल्या. “आता बसंल गुमान,” तो म्हणाला. “वहिनी, चेहरा कसा पांढरा पडलाय तुमचा. कपाट पडलं नाही, तुम्हीच पडाल.”

“भावजी, पाचरी कुणी काढल्या?”

“मला काय माहीत? उंदरानं.”

“उंदीर पाचर ओढत नाही, कुरतडतो.”

“मग शिकलेला असंल. बी.एस्सी.”

रूपाली बी.एस्सी. होती, रसायनशास्त्र, साताऱ्याच्या कॉलेजातली. तिला हसू आलं नाही. सोमवारपासून ती एका शाळेत शिकवायला जाणार होती, आणि पोर दिवसभर या घरात, याच माणसांच्या हाती राहणार होतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं साताऱ्याला आईला फोन लावला.

“मी म्हणत होते ना?” आई तिकडून म्हणाली, जणू तिनं पाचरींबद्दल आधीच भाकीत केलं होतं. “संध्याकाळच्या गाडीनं पोराला घेऊन ये इकडं. नोकरी गेली खड्ड्यात.”

रूपालीनं बॅग काढली. अतिशयचे कपडे भरले, दुधाची बाटली भरली. मग हात थांबले. साताऱ्याला गेलं की हे घर तिच्या मनातून कायमचं उतरणार, हे तिला कळत होतं. गोमटेशला काय सांगायचं? तुमच्या घरात कुणीतरी आहे ज्याला आपलं पोर…? हे वाक्य तिला मनातसुद्धा पुरं करवेना.

गाडीला संध्याकाळपर्यंत वेळ होता. तोवर तिला नाव हवं होतं.

सासूबाई मंदिरात गेल्या होत्या. त्यांना बीपीचा त्रास. रूपालीनं अमृतला आणि कामाला आलेल्या बनाबाईला बजावलं, “आईंना यातलं अवाक्षर सांगायचं नाही. उगाच घाबरतील.” मग पोराला बनाबाईच्या कडेवर देऊन ती एकटी त्या खोलीत शिरली आणि गुडघ्यांवर बसली.

फरशीवर काही उमटत नाही. गालिचा मात्र सगळं लक्षात ठेवतो. कपाटासमोर दोन समांतर रेघा दबल्या होत्या, हातभर लांबीच्या, एकमेकींपासून वीतभर अंतरावर. पेटी ठेवल्यासारख्या. त्यांच्या बाजूला गालिच्याची लव एका पट्ट्यात एका दिशेला अगदी मऊ, गुळगुळीत बसवलेली, एखाद्या पोराचे केस विंचरावेत तशी. आणि त्या पट्ट्यातून, कपाटाखालून निघून थेट गॅलरीच्या दाराकडं, काहीतरी बारीक चमकत होतं.

तिनं बोटाच्या टोकावर एक कण उचलला. जिभेला लावला.

साखर.

३

बनाबाई वीस वर्षं या घरात भांडी घासत होती. तिला संशयित म्हणून विचारणं म्हणजे विळीवर हात ठेवून भाजी चिरण्यासारखं होतं.

“बनाबाई, काल नाथाजीच्या कामाचे लाकडाचे तुकडे तुम्ही नेलेत ना?”

“न्हेलं की. तुमीच म्हणला हुता, पाणी तापवायला न्ह्या म्हून. गाठोडं बांधून न्हेलं.”

“त्यात पाचरी होत्या का?”

बनाबाईनं अतिशयला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि डोळे मोठे केले. “आवं वैनी, कपाटाच्या पोटाखालनं पाचर उपसून न्हीन व्हय मी? माझं काय डोकं फिरलंय? माझ्या घरात चुलीला लाकूड न्हाई म्हून ह्या लेकराच्या अंगावर कपाट पाडीन? बोलायचं तर नीट बोला!”

“तसं नाही म्हणत मी. चहा कुणी दिला नाथाजीला? तिथं साखर सांडलीय.”

“चहा म्या दिला, पर साखर घालून दिला. साखर निराळी न्हाई दिली त्याला, तो काय कलेक्टर हाय?”

रूपालीच्या मनात तो कण पुन्हा चमकला. चहातली साखर विरघळते. गालिच्यात होती ती कोरडी, अख्खी. आणि सांडलेली साखर पसरते, ती रेघेत बसत नाही.

“आणि नाथाजीची हत्यारांची पेटी कपाटासमोर होती का?”

“पेटी कुठली? पिशवी हाय त्याची. कापडाची. बगितली न्हाई का तुमी?”

रूपालीनं बघितली होती. काल त्यानं तीच खांद्याला लावली होती. म्हणजे त्या दोन रेघा पेटीच्या नव्हत्या.

“आणि बनाबाई, काल तुम्ही खोली झाडलीत?”

“तुमीच नगं म्हणला. कपाट हाय, आत जाऊ नगा म्हणला. म्या दुपारची भांडी करून घरला गेले ती गेले.” बनाबाई जरा मऊ झाली. “वैनी, एक सांगू? तुमी घाबरता लय. माझी चार पोरं मातीत वाडली. पर घाबरायचं तर बरोबर गोष्टीला घाबरा.”

“म्हणजे?”

“म्हंजे मला काय ठावं? मी आपली बोलले.”

रूपालीनं अतिशयला तिच्याकडून घेतलं. बनाबाईचा राग खरा होता. खोटा राग आवाज चढवतो, खरा राग दुखावलेला असतो. तिला स्वतःचीच जरा लाज वाटली.

गॅलरीत पोराचे लंगोट वाळत घालताना तिची नजर जास्वंदीच्या कुंडीकडे गेली. मातीवर कुणीतरी लाकडाचे दोन तुकडे ठेवले होते. रोपाला टेकू असेल म्हणून तिनं मान वळवली. नाथाजीला फोन लावायचा होता.

नाथाजी एसटीच्या आवाजात ओरडत होता. “वैनी, देवाशपथ, म्या दोन्ही पाचरी सारल्या हुत्या! जाताना हातानं हलवून बगितलं. माझ्या कामात खोट काढू नगा. आन् काल संध्याकाळी मी कडेगावच्या गाडीत बसलो, माझ्या शेजारी आमचा नानासो हुता, त्याला इचारा!”

“नाथाजी, पाचर काढायला किती जोर लागतो?”

“रिकामं कपाट हाय. हळूहळू हलवत वढली तर बाईमाणूस सुदिक काडंल. घाई केली तर मातर न्हाई निघायची.”

हळूहळू, घाई न करता. रूपालीनं फोन ठेवला. वैर असणारा माणूस चोरून, पटकन काम करतो. या हातानं मात्र वेळ घेतला होता.

मागून अमृतचा आवाज आला. “वहिनी, मी दुकानाला निघालो.”

तिनं वळून पाहिलं आणि तिला आठवलं. ज्या खोलीत कपाट बसलं, ती खोली तिच्या लग्नाआधी अमृतची होती.

४

“भावजी, काल तुम्ही त्या खोलीत गेला होता.”

तिनं अंधारात बाण मारला होता. तो लागला. अमृतच्या हातातली गाडीची किल्ली फिरायची थांबली.

“कोण म्हणालं?”

“गालिचा म्हणाला. खोटं बोलू नका.”

अमृत खाली बघत राहिला. हा सदा टवाळी करणारा पोरगा असा गप्प बसलेला तिनं कधी पाहिला नव्हता. हाच का? पोराला खांद्यावर घेऊन गल्लीभर मिरवणारा हा?

“वहिनी, हसणार नाही ना?”

“आधी सांगा.”

त्यानं मोबाइल काढला आणि एक फोटो उघडून तिच्यासमोर धरला. कपाट आणि भिंत यांच्यामधली अरुंद जागा, जिथं नाथाजी बाजूची पट्टी ठोकणार होता. तिथं भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या खुणा होत्या, एकावर एक, वर वर चढत गेलेल्या. शेजारी तारखा.

“आप्पांनी केलेल्या,” अमृत म्हणाला. आप्पा म्हणजे त्याचे वडील धनपाल, जाऊन तीन वर्षं झालेले. “दर वाढदिवसाला मला भिंतीशी उभं करायचे. डोक्यावर पट्टी ठेवायचे. रंग देताना तेवढी जागा सोडली होती त्यांनी. आज पट्टी लागली की झाकून जाणार, म्हणून फोटो काढला. बस्स एवढंच.”

“मला सांगायचं ना, भावजी.”

“काय सांगू? कपाट बसवू नका, माझी उंची आहे तिथं?” तो कसनुसा हसला. “तुम्ही आधीच इतक्या घाबरलेल्या असता. वाटलं, नको अजून.”

तिनं डोळे पुसण्यासाठी मान खाली घातली आणि तिची नजर फोटोच्या खालच्या कोपऱ्यात गेली. कपाटाचा पाया दिसत होता. आणि त्याखाली, गालिच्याच्या लवेत टोक रुतवून बसलेली पाचर. शेजारी दुसरी. दोन्ही जागेवर.

“हा फोटो कधीचा?”

“काल. तुम्ही डॉक्टरांकडे गेल्यावर. बघा की, ऊन आत आलंय गॅलरीतून.”

पिवळं तिरपं ऊन गालिच्यावर पसरलं होतं. त्या गॅलरीत ऊन फक्त दिवस मावळायला आल्यावर शिरतं.

“मग तुम्ही?”

“मग काय, दार ओढलं आणि दुकानाला. रात्री तुमच्याबरोबरच तर जेवलो.”

म्हणजे ऊन तिरपं झालं तेव्हा पाचरी होत्या. रूपाली डोस देऊन परतली तेव्हा दिवे लागले होते, आणि रात्रभर ती स्वतः त्या दाराच्या समोरच्या खोलीत पोराच्या अंगाला हात लावून जागी होती. दार कुणी उघडलं असतं तर कडीच्या आवाजानं ती उठून बसली असती. राहिली एकच वेळ. ऊन उतरण्याची.

त्या वेळी बनाबाई घरी गेली होती. नाथाजी एसटीत होता. गोमटेश तासगावात होता. अमृत दुकानात पोचला होता.

मग घरात होतं कोण?

कुणीच नाही, तिच्या मनानं उत्तर दिलं. आणि लगेच तिच्या अंगावर काटा आला. घर रिकामं नव्हतं. घर कधीच रिकामं नसायचं.

५

अमृत गेला. पोराच्या खोलीचं गॅलरीकडचं दार बंद होतं, म्हणून रूपाली अतिशयला कडेवर घेऊन मधल्या खोलीतून गॅलरीच्या उंबऱ्यात आली आणि ज्या गोष्टी सकाळपासून नुसत्या दिसत होत्या, त्या तिनं पहिल्यांदा एकीला एक लावून बघितल्या.

काल संध्याकाळी डॉक्टरांकडून आल्यावर ओट्यावर एक झाकलेलं ताट होतं. सासूबाईंचं. चंदनबालाबाई जैन रीतीनं दिवस मावळायच्या आत जेवतात. एकदा सूर्य गेला की पाण्याचा घोटसुद्धा नाही. काल अष्टमी नव्हती, चतुर्दशी नव्हती, उपवासाचं काही कारण नव्हतं. “भूक न्हाई गं,” म्हणाल्या, आणि रूपालीनं ते खरं मानून ताट आत ठेवलं होतं. भूक नव्हती असं नाही. जेवणाची वेळ कशात तरी निघून गेली होती.

त्या दोन समांतर रेघा. घरात खाली दोन आडव्या पट्ट्या असलेली वस्तू एकच, सासूबाईंचा बुटका पाट. गुडघे धरतात म्हणून त्या तो घेऊनच बसतात.

गालिच्याची विंचरलेली लव. बसायच्या आधी जागा मऊ फडक्यानं पुसून घ्यायची, चुकून एखादा जीव खाली चिरडू नये म्हणून. ही त्यांची सवय रूपालीनं लग्नापासून रोज पाहिली होती. माहेरी इतकं कडक नव्हतं, त्यामुळं सुरुवातीला तिला गंमत वाटायची.

आणि साखर.

ती जास्वंदीच्या कुंडीपाशी वाकली. जास्वंद मनगटाएवढी जाड होती, तिला टेकू कशाला? लाकडाचे दोन तुकडे मातीवर आडवे, सावलीत ठेवलेले. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला धार. नाथाजीच्या पाचरी. त्यांच्यावरून काळ्या मुंग्यांची एक ओळ मातीत उतरत होती. कुणी त्या पाचरी झटकल्या नव्हत्या. मुंग्यांना आपणहून उतरू दिलं होतं.

‘खाली एकदा नीट बघून घे गं.’

अतिशय बिस्किटं खायचा त्या खोलीत. त्याचा निम्मा चुरा लवेत जायचा. भिंतीच्या कडेला, दाट लवेखाली मुंग्यांनी घर केलं होतं, हे सगळ्या घरात एकाच माणसाच्या नजरेला पडलं होतं. कपाट आलं, मुंग्यांच्या वाटेवर पाचरी बसल्या. आज दुपारी नाथाजी औषध मारणार, पट्टी ठोकणार. म्हणून एका म्हाताऱ्या बाईनं उतरत्या उन्हात पाट मांडला, जागा पुसली, पाचरी हळूहळू हलवत बाहेर काढल्या आणि गॅलरीपर्यंत साखरेची वाट घातली. जेवणाची वेळ टळली तरी ती उठली नाही.

कुणीही तिच्या पोराच्या वाईटावर नव्हतं. रूपालीच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि ती हसलीही. एकटीच, कुंडीपाशी वाकून.

मग हसू गोठलं.

साखरेची वाट अजून संपली नव्हती. मुंग्या अजून निघत होत्या. नाथाजी दुपारी औषध घेऊन येणार होता. आणि पाचरींच्या जागी आता अमृतच्या विटा होत्या. पाचरींपेक्षा रुंद, जड, थेट त्या वाटेवर.

जिनं पाचरी काढल्या, ती विटाही काढणार.

कपाट भिंतीला आवळलेलं नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आईंना घाबरवायचं नाही, असं ठरलं होतं. रूपालीनंच ठरवलं होतं.

“बनाबाई! आई मंदिरातून आल्या का?”

“कवाच्या आल्या की!” स्वयंपाकघरातून उत्तर आलं. “साखरंचा डबा घिऊन गेल्या आत. मी म्हटलं, कशाला, तर म्हणल्या, पाव्हणं हायत.”

६

दार लोटलेलं होतं. रूपालीनं ते ढकललं.

कपाट पुढं येत होतं. धाडकन नाही. एखादा माणूस डुलकी घेताना मान टाकतो तसं, हळू, मग जरा जोरात. खाली पाटावर पाठमोऱ्या चंदनबालाबाई बसल्या होत्या, डोकं जवळजवळ गालिच्याला टेकलेलं, उजवा हात कोपरापर्यंत कपाटाखाली. एक वीट त्यांनी काढून शेजारी नीट ठेवली होती. दुसरी हातात होती. आणि त्या म्हणत होत्या, “या बाई, या. भिऊ नगा. या.”

मधलं दार उघडून त्यांच्या डोक्यावर आलं होतं.

रूपालीनं अतिशयला दारातच खाली सोडलं, पहिल्यांदाच कसलाही विचार न करता, आणि दोन्ही तळवे वर करून कपाटाला पाठ दिली. वजन तिच्या खांद्यांवर आलं. तिचे पाय गालिच्यात रुतले. मऊ गालिच्यावर पाय धरत नव्हते. ज्या मऊपणासाठी तिनं एवढा अट्टहास केला, तोच आता तिच्या टाचा सरकवत होता.

“आई, हात काढा! हात काढा बाहेर!”

“आं? काय झालं गं? थांब, एक राहिलीय…”

“आई!”

त्या आवाजानं चंदनबालाबाईंचा हात बाहेर आला. बनाबाई धावत आली, तिनं तिच्या बारक्या पण पोलादी हातांनी दुसऱ्या बाजूनं रेटा दिला. दोघींनी कपाट भिंतीला टेकवलं. बनाबाईनं पायानं वीट सारली, मग दुसरी. कपाट थांबलं.

अतिशय दारातून दुडुदुडु आला आणि मुंग्यांच्या ओळीशेजारी पालथा पडून अत्यंत गंभीरपणे बघू लागला.

“आई,” रूपालीचा आवाज फाटला होता. “हे पडलं असतं तुमच्यावर.”

“हे एवढं जड? हे कशाला पडतंय?” चंदनबालाबाईंनी कपाटाकडं पहिल्यांदा मान वर करून नीट बघितलं. मग सुनेच्या खांद्यावर उमटलेल्या लाल वळाकडं बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. “पाचरी म्हंजे त्यासाठी हुत्या व्हय? मला वाटलं, उरलेलं लाकूड हाय. चिणून मेल्या असत्या गं त्या. अंडी हुती त्यांच्या तोंडात.”

“मला सांगायचं ना.”

“सांगितलं की. खाली बघ म्हटलं.”

“मग नीट सांगायचं. पुन्हा सांगायचं.”

चंदनबालाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. “तू फोनवर म्हणत हुतीस तुझ्या आईला. ‘आमच्या आईंचं मुंग्यांचं पुराण’ म्हणून. हसत हुतीस. वाईट न्हाई वाटलं, खरंच न्हाई वाटलं. म्हटलं, पोरगी आधीच धास्तीत असती, नगं तिच्या मागं लागायला. माझं मी करीन.”

“आणि सकाळपासून मी सगळ्यांना विचारतेय. बनाबाईंना, भावजींना, नाथाजींना…”

“मला कुठं इचारलंस?” त्या साधेपणानं म्हणाल्या. “इचारलं असतंस तर सांगितलं असतं. मी काय खोटं बोलती?”

रूपाली पाटाशेजारी गालिच्यावर बसली. बसण्याआधी तिचा हात आपोआप खालची जागा चाचपून गेला. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या.

“काल जेवला नाहीत तुम्ही.”

“येळ गेली.”

“आज मी बघते. दिवस उतरायला लागला की मी स्वतः ताट वाढते.”

“तू तर साताऱ्याला निगालीस न्हवं? बॅग बगितली मी,” चंदनबालाबाई हळूच म्हणाल्या. “पोराची बाटलीसुदा भरलीस.”

आपण कुणाला घाबरून निघालो होतो, हे या बाईला सांगण्यापेक्षा रूपालीला ते कपाट पुन्हा खांद्यावर घेणं सोपं होतं.

“ती बॅग?” बनाबाईच मध्ये बोलली. “ती धुवायला काढलीय. म्या न्हेती बाहेर.” आणि ती खरोखरच बॅग उचलून घेऊन गेली.

७

नाथाजी दुपारी आला, सगळं ऐकून कपाळाला हात लावला आणि आधी कपाट भिंतीला असं आवळलं की अमृत म्हणाला, “आता भूकंप आला तर घर पडंल, कपाट राहील.” औषधाला मात्र चंदनबालाबाईंनी त्याला हात लावू दिला नाही.

“वैनी, वाळवी लागली तर मला बोल लावू नगा.”

“नाही लावणार,” रूपाली म्हणाली. “औषध सावकाश मारू. आधी घर रिकामं होऊ दे त्यांचं.”

खालची पट्टी त्या दिवशी लागली नाही. बाजूची पट्टीही लागली नाही, ती वेगळ्या कारणानं. तिथं नाथाजीनं बिजागरी लावली. आता ती पट्टी दारासारखी उघडते. आत आप्पांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि सर्वांत खाली एक नवी, बारकीशी खूण आहे. ती करताना अतिशय एक क्षणही सरळ उभा राहिला नाही, त्यामुळं ती जरा तिरकी आली.

मुंग्या गेल्या. आपल्या वेळेनं, आपल्या अंड्यांसकट, साखरेच्या वाटेनं जास्वंदीखाली. सोमवारी रूपाली शाळेत गेली आणि पोर आजीजवळ राहिलं. पहिल्या दिवशी तिनं मधल्या सुट्टीत फोन केला.

“काय करतोय अतिशय?”

“खेळतोय. त्याची काळजी करू नगं.”

“आणि तुम्ही काय करताय, आई?”

पलीकडं थोडा वेळ शांतता होती. हा प्रश्न नवा होता. मग चंदनबालाबाई सांगायला लागल्या, आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी सांगत होत्या.

रूपाली अजूनही घाबरते. दारांच्या कोपऱ्यांना, प्लगना, गॅलरीच्या कठड्याला. तो तिचा स्वभाव आहे, तो जायचा नाही. पण एक गोष्ट तिला आता कळलीय, आणि ती सांगितल्याशिवाय तिला राहवत नाही. लेकरावर घरातल्या सगळ्यांची नजर असते. ते गप्प झालं की चार माणसं धावतात. त्याच घरात आणखी एक माणूस गप्प असतं, आणि आपण म्हणतो, आहेत की घरातच.

म्हणून तिचं तुमच्याकडं एक मागणं आहे. हे पान इथंच ठेवा. मधल्या खोलीत, देवापाशी, गॅलरीत, मागच्या अंगणात, जिथून बराच वेळ काही आवाज आला नाही, तिथं जा. दार लोटलेलं असलं तरी उघडा. काय करताय, म्हणून विचारा. आणि उत्तर येईपर्यंत तिथंच थांबा.